संत्र्याआधी ‘ॲन’ का? इंग्रजी लेखनाविषयी वाचकांच्या शंका

गेल्या अंकात इंग्रजी लेखनाविषयीच्या शंका आम्ही मागवल्या होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांत पालक आहेत, महालातले एक छापखानेवाले आहेत, शिक्षिका आहेत आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तर पुष्कळच आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली, ती ही की शंका इंग्रजीची म्हणून विचारलेली असली तरी तिची गाठ बहुतेक वेळा मराठी वाक्यात बसलेली असते. म्हणून पुढील उत्तरांमध्ये मी शक्य तिथे आधी मराठी वाक्य तपासले आहे. इंग्रजी उदाहरणे मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत. त्याचा उपयोग पहिल्याच उत्तरात दिसेल.

प्रश्न : मुलीने वहीत ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहिले आणि बाईंनी ते चूक दिले. ‘यू’ हा इंग्रजीतला स्वर आहे, मग त्याआधी ‘ॲन’ का नको? उलट ‘एम’ हे व्यंजन असताना वर्तमानपत्रात ‘ॲन एमएलए’ असे छापून येते, ते कसे? — एक पालक, मानेवाडा

बाईंचे बरोबर आहे आणि वर्तमानपत्राचेही. ‘ए, ई, आय, ओ, यू यांच्याआधी ॲन’ हा नियम आपण शाळेत घोकतो, पण तो अर्धाच आहे. ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरते ते शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून नव्हे, तर पहिल्या उच्चारावरून. दोन स्वर एकमेकांवर आपटले की बोलणे अडखळते. ते अडखळू नये म्हणून मध्ये ‘न’ येतो, एवढेच त्याचे प्रयोजन आहे.

मराठी वाचकाला हे ओळखण्याचे एक साधन जन्मतःच मिळालेले आहे, आणि ते म्हणजे देवनागरी. शंका आली की तो शब्द देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर अ, आ, ॲ, इ, ए, ऑ अशांपैकी स्वर असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ य-पासून सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे’ व-पासून सुरू होतो, म्हणून ‘अ वन-वे रोड’. ‘अवर’ म्हणजे तास. त्यातला ‘एच’ लिहिला जातो पण बोलला जात नाही, म्हणून ‘ॲन अवर’. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये दिसणारा गृहस्थ ‘ॲन एमएलए’ असतो, पण त्याचेच पद विस्ताराने लिहिले की तो ‘अ मेंबर ऑफ द लेजिस्लेटिव्ह असेंब्ली’ होतो. त्याच न्यायाने ‘ॲन एनआयटी लेआउट’, परंतु ‘अ नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट लेआउट’. भूखंड तोच आहे, उच्चार बदलला.

या ‘न’ची एक गोष्ट नागपूरकरांना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘ॲन ऑरेंज’मधला ‘ऑरेंज’ हा शब्द मुळात ‘न’पासून सुरू होणारा होता. संस्कृतातले ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ झाले आणि तिथून युरोपात गेले. स्पॅनिश भाषेने ‘नारांखा’ म्हणून तो ‘न’ आजही जपला आहे. इटालियन आणि फ्रेंच भाषांत मात्र उपपदाच्या (म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’सारख्या नामाआधीच्या शब्दाच्या) शेवटी ‘न’ आणि फळाच्या आरंभीही ‘न’ अशी जोडी झाली, ऐकणाऱ्याने दोन्ही ‘न’ उपपदाचेच मानले आणि फळाचा ‘न’ गळाला. हा प्रकार इंग्रजीत घडला असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही, इंग्रजांच्या हाती शब्द आला तो ‘न’ गमावूनच. पण नेमका हाच खेळ इंग्रजीने दुसऱ्या शब्दांशी केलेला आहे. स्वयंपाकघरातले ‘ॲन एप्रन’ पूर्वी ‘अ नेप्रन’ होते, आणि क्रिकेटच्या मैदानावरचा ‘ॲन अम्पायर’ हाही एके काळी ‘न’ बाळगून होता. उलटही घडले : टोपणनावाला जुन्या इंग्रजीत ‘ॲन ईक-नेम’ म्हणजे ‘जास्तीचे नाव’ म्हणत, त्यातला उपपदाचा ‘न’ शब्दाला चिकटला आणि ‘अ निकनेम’ तयार झाले. कान जिथे शब्द तोडतो तिथेच तो तुटतो, याचा याहून चांगला पुरावा नाही. आपल्या ‘नारिंगी’ रंगात मात्र मूळचा ‘न’ शाबूत आहे. (जाता जाता : नागपुरी संत्र्याला फळशास्त्रज्ञ ‘मँडरीन’ म्हणतात. त्याच्याआधी ‘अ’ लागेल.)

प्रश्न : पर्यटकांसाठी माहितीपत्रक तयार करतो आहे. ‘द फुटाळा लेक’, ‘द नाग रिव्हर’, ‘द सीताबर्डी फोर्ट’ असे सगळीकडे ‘द’ लावले तर चालेल का? — एक वाचक, धरमपेठ

नाही. नदीला ‘द’ लागतो, तलावाला लागत नाही. ‘द नाग रिव्हर’, ‘द कन्हान’, ‘द पेंच’. पण ‘फुटाळा लेक’, ‘अंबाझरी लेक’, ‘गोरेवाडा लेक’. डोंगररांगेला लागतो, म्हणून ‘द सातपुडा रेंज’. गावाच्या किंवा भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूला सहसा लागत नाही, म्हणून ‘सीताबर्डी फोर्ट’ आणि ‘नागपूर रेल्वे स्टेशन’. मात्र नावात ‘ऑफ’ आले की ‘द’ हमखास येतो : ‘द नागपूर बेंच ऑफ द बॉम्बे हायकोर्ट’. नदीला मान आणि तलावाला नाही, असे का, याचे समाधानकारक कारण मला कधी सापडलेले नाही. हा भाग पाठच करावा लागतो. मराठीत उपपदच नसल्याने आपला कान इथे मदतीला येत नाही, हे मान्य करावे.

प्रश्न : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ हे वाक्य मी अर्जात लिहिले होते. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यात दोन चुका आहेत असे सांगितले. कोणत्या? — एक वाचक, हिंगणा मार्ग

पहिली चूक ‘सिन्स’ची आणि दुसरी क्रियापदाच्या काळाची. दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्या आहेत. वाक्य लिहिण्याआधी आपल्या मनात ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो आहे’ हे मराठी वाक्य उभे राहिले, आणि मराठी म्हणून ते निर्दोष आहे.

आपले ‘पासून’ दोन कामे करते. ‘सोमवारपासून’, ‘पोळ्यापासून’, ‘२०१९पासून’ असे म्हणताना ते कालरेषेवरचा एक बिंदू दाखवते, आणि ‘दोन तासांपासून’, ‘पाच वर्षांपासून’ असे म्हणताना ते लांबी दाखवते. इंग्रजीने ही दोन कामे दोघांना वाटून दिली आहेत. बिंदू असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स पोळा’, ‘सिन्स २०१९’. पण ‘फॉर टू अवर्स’, ‘फॉर फाइव्ह इअर्स’. ओळखण्याची सोपी खूण अशी की ‘पासून’च्या आधीची गोष्ट कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येते का, ते पाहावे. पोळा दाखवता येतो, ‘पाच वर्षे’ हा आकडा दाखवता येत नाही, तो मोजावा लागतो. ‘सिन्स द लास्ट टू इअर्स’ हा प्रयोग आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत सर्रास आढळतो, पण तिथेही ‘फॉर द लास्ट टू इअर्स’ असेच हवे.

आता काळ. मराठीत काम अजून चालू आहे म्हटले की वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजी मात्र असे पाहते की काम मागे कुठेतरी सुरू झाले आणि आजपर्यंत ओढत आणले गेले. त्या ओढीसाठी तिने ‘हॅव बीन वर्किंग’ हे रूप ठेवले आहे. बरोबर वाक्य : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इअर्स’. आपण खट्टू होऊ नये, कारण जर्मन आणि फ्रेंच माणसेही इंग्रजी शिकताना हेच वाक्य असेच चुकतात. त्यांच्या भाषांतही बिंदू आणि लांबी यांना एकच शब्द आहे आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहते. या बाबतीत वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने.

प्रश्न : ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ आणि ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ ही वाक्ये चूक आहेत असे ऐकले. ‘आयएनजी’ लावण्यात एवढे काय बिघडले? — एक विद्यार्थिनी, कामठी

‘आयएनजी’ लागते ते चालू असलेल्या क्रियेला. स्थितीला ते लागत नाही. बहिणी असणे, माहीत असणे, समजणे, आवडणे या क्रिया नव्हेत, त्या स्थिती आहेत. म्हणून ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘डू यू अंडरस्टँड?’. पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ ‘जेवणे’ असा आहे आणि जेवण चालू असते.

आपल्या नागपूरकडे ही चूक अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याचे कारण आपल्या बोलीत आहे. पुण्याचा माणूस ‘काय करतो आहेस?’ असे विचारतो; आपण ‘काय करून राहिला?’ असे विचारतो. हे ‘करून राहिला’ इतके पसरट आहे की ते ‘समजून राहिलं ना?’ इथपर्यंत बिनदिक्कत पोहोचते. वर्गात फळ्याकडे पाठ करून ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ असे विचारणारे शिक्षक खरे तर ‘समजून राहिलं ना?’ हेच इंग्रजी अक्षरांत विचारत असतात. बोलीत यात काही गैर नाही, मला ती प्रिय आहे. फक्त इंग्रजी लिहिताना ‘राहिलं’ मागे ठेवून यावे.

प्रश्न : ‘आय ॲम फ्रॉम नागपूर ओन्ली’ यात ‘ओन्ली’ चुकीचे का? — एक वाचक, प्रतापनगर

कारण ते ‘ओन्ली’ नसून आपला ‘च’ आहे. ‘मी नागपूरचाच’, ‘आजच’, ‘इथेच’ : हा एवढासा ‘च’ मराठीत हव्या त्या शब्दाला चिकटतो आणि दोन निराळे अर्थ देतो. कधी तो ‘केवळ’ असे सांगतो, जसे ‘सदस्यांनाच प्रवेश’. कधी तो नुसता जोर देतो, जसे ‘मी नागपूरचाच’. इंग्रजीचे ‘ओन्ली’ फक्त पहिले काम करते. म्हणून ‘आय ॲम फ्रॉम नागपूर ओन्ली’ हे वाक्य इंग्रज माणसाला ‘मी केवळ नागपूरचा, दुसऱ्या कुठल्याही गावचा नाही’ असे काहीतरी विचित्र ऐकू येते.

जोर देण्यासाठी इंग्रजी बोलताना आवाज चढवते आणि लिहिताना शब्द बदलते. ‘आजच’ म्हणजे ‘दिस व्हेरी डे’, ‘इथेच’ म्हणजे ‘राइट हिअर’, ‘त्यानेच सांगितले’ म्हणजे ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’. ‘टुडे इटसेल्फ’ हा प्रयोगही आपल्या ‘च’चाच अवतार आहे, भारतात तो सगळ्यांना कळतो, बाहेर अडतो. पाटीवरचे ‘मेंबर्स ओन्ली’ मात्र बरोबर आहे, तिथे ‘केवळ’ हाच अर्थ आहे. आणि ‘आय ओन्ली एट तर्री-पोहा’ यातल्या ‘ओन्ली’ची जागा बदला असे सांगणाऱ्या व्याकरणकारांचे फार मनावर घेऊ नये, खाणाऱ्यालाही अर्थ कळतो आणि ऐकणाऱ्यालाही.

प्रश्न : ‘इट्स’ या शब्दात ॲपॉस्ट्रफी (अक्षराच्या वरच्या बाजूचे स्वल्पविरामासारखे चिन्ह) केव्हा द्यावी? आमच्याकडे येणाऱ्या जाहिरातींच्या मजकुरात ती निम्म्या वेळा असते आणि निम्म्या वेळा नसते. — एक छापखानेवाले, महाल

नियम एका ओळीत बसतो : ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा विग्रह होत असेल तर ॲपॉस्ट्रफी द्यावी, ‘त्याचा-तिचा-त्याचे’ असा अर्थ असेल तर देऊ नये. तरीही सगळे चुकतात, कारण नियम कानाला उलटा वाटतो. ‘नागपूरचा’ लिहिताना ‘नागपूर’नंतर ॲपॉस्ट्रफी देऊन ‘एस’ लिहायचा, मग ‘त्याचा’ लिहिताना ती का काढायची?

उत्तर असे की ॲपॉस्ट्रफी नामाला लागते, सर्वनामाला लागत नाही. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांपैकी एकालाही ती नाही. ‘इट्स’ त्याच कुटुंबातले आहे. शिवाय ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ इंग्रजीत बरेच उशिरा आले. त्याआधी निर्जीव वस्तूलाही ‘हिज’च वापरत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘इट्स’ दिसू लागले, तरी १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने जे बायबल प्रसिद्ध झाले त्याच्या मूळ छपाईत हा शब्द एकदाही नाही. नंतर तो रुळला तेव्हा चांगले चांगले लेखक दीर्घ काळ त्यात ॲपॉस्ट्रफी घालत असत, आणि आजची शिस्त साधारण १८००च्या आगेमागे घट्ट झाली. तेव्हा आपल्याकडे येणाऱ्या मजकुरातली चूक ही एका जुन्या सवयीची नातलग आहे. अर्थात जाहिरात आज छापायची असल्याने ती दुरुस्त करूनच छापावी.

अर्जाच्या शेवटच्या ‘युअर्स फेथफुली’मध्येही ॲपॉस्ट्रफी नसते. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात ती होती. तो अर्ज मला परत मिळाला तेव्हा त्या चिन्हाभोवती लाल शाईचे इतके नीट गोल वर्तुळ काढलेले होते की बहुधा एखादे नाणे ठेवून काढले असावे. शेरा काहीच नव्हता. नोकरीही नव्हती.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’ हा शब्द ‘एआरवाय’ असा संपतो, आणि पुढच्या चौकातल्या पाटीवर ‘ईआरवाय’ असा. कोणते दुकान बरोबर? — एक विद्यार्थी, सदर

पुढच्या चौकातले. ‘ईआरवाय’ म्हणजे वह्या, कागद, पेन. ‘एआरवाय’ म्हणजे जागचे न हलणारे. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. ज्याचे दुकान एका जागी पक्के असे आणि जो पुस्तके विकत असे, त्याला ‘स्टेशनर’ म्हणू लागले. आपल्या गल्लीतले दुकान बरीच वर्षे तिथेच असेल तर पाटी अगदीच खोटी नाही.

प्रश्न : ‘हू’ आणि ‘हूम’ यांत नेहमी गोंधळ होतो. — एक वाचक, वर्धमाननगर

इथे मराठी माणूस इंग्रजापेक्षा पुढे आहे. ‘कोण’ किंवा ‘कोणी’ असेल तर ‘हू’, ‘कोणाला’ असेल तर ‘हूम’. ‘कोणी फोन केला?’ म्हणजे ‘हू कॉल्ड?’, आणि ‘कोणाला फोन केला?’ म्हणजे ‘हूम डिड यू कॉल?’. एक फसवी जागा सांभाळावी : ‘कोणाला माहीत?’ याचे इंग्रजी ‘हू नोज?’ असे होते, कारण माहीत असणे, ताप येणे, भूक लागणे यांत मराठी कर्त्यालाच ‘ला’ लावते आणि इंग्रजी तसे करत नाही. बोलताना आता इंग्रजही ‘हू डिड यू कॉल?’ असेच म्हणतात. ‘टू’, ‘विथ’, ‘फॉर’ यांच्या लगेच नंतर मात्र लेखी भाषेत ‘हूम’ हवे.

प्रश्न : ‘द ट्रेन इज लेट, आय ॲम वेटिंग ॲट द स्टेशन’ यातला स्वल्पविराम चुकीचा आहे, असे आमचे सर म्हणतात. दुसरे असे की यादीत ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. — स्पर्धा परीक्षेचे दोन विद्यार्थी, नंदनवन

सरांचे म्हणणे योग्य आहे. मराठीत ‘गाडी उशिरा आहे, मी स्टेशनवर थांबलो आहे’ असे लिहिले तर कोणी हरकत घेत नाही, कारण आपण स्वल्पविराम श्वासासाठी वापरतो. विरामचिन्हे मराठीत रुळली तीच मुळी एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. त्याआधीच्या मोडी कागदांत तर शब्दही एकमेकांना लागून धावतात. इंग्रजी व्याकरण मात्र स्वल्पविरामाला दोन पूर्ण वाक्ये पेलण्याइतका बळकट मानत नाही. तिथे पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा, नाहीतर ‘सो’ किंवा ‘अँड’ असा जोडशब्द घालावा.

‘अँड’आधीच्या स्वल्पविरामाला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात, कारण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा त्याविषयी आग्रह आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रे तो बहुधा देत नाहीत. मराठीत आपण ‘आंबे, केळी आणि पेरू’ असे लिहितो, त्यामुळे तो न देण्याकडे आपला हात वळतो. ‘आय इन्व्हायटेड माय अंकल्स, द तहसीलदार अँड द सरपंच’ असे लिहिले तर मात्र तहसीलदार आणि सरपंच हेच तुमचे मामा ठरतात.

हा वाद केवळ वर्गातला नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना द्यायचा नाही, याची एक यादी कायद्यात होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. एका डेअरीच्या गाडीचालकांनी म्हटले की हे एकच काम झाले, म्हणजे पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी माल बांधणे. आम्ही माल वाटतो, बांधत नाही, म्हणून आम्हाला मोबदला मिळाला पाहिजे. मालकांचे म्हणणे होते की ‘वाटप’ हे यादीतले स्वतंत्र काम आहे. २०१७ साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या राज्याने नंतर यादीतले स्वल्पविराम काढून अर्धविराम घातले. माझे मत विचाराल तर यादी साधी असेल तेव्हा काहीही करा, पण एका लेखनात एकच रीत ठेवा. आणि अर्थ दुभंगत असेल तर स्वल्पविराम निश्चित द्या.

प्रश्न : ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘आय पास्ड आउट इन २०२०’ हे शब्दप्रयोग वापरू नयेत, असे एका कार्यशाळेत सांगितले गेले. खरे का? — एक नोकरदार वाचक, मिहान

तिघांना एकाच काठीने हाकू नये. ‘प्रीपोन’ हा आजच्या अर्थाने भारतात रुळलेला शब्द असून ऑक्सफर्डच्या कोशाने त्याची नोंद घेतली आहे. ‘पोस्टपोन’ चालते तर ‘प्रीपोन’ का नको, याला मला उत्तर सुचत नाही. परदेशी माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ असे लिहावे, पण तिथे सावध राहावे. मराठीत सभा ‘पुढे’ ढकलली की ती उशिरा होते. इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ आणली की ती लवकर होते. या एका ‘पुढे’मुळे माणसे दुसऱ्या दिवशी रिकाम्या सभागृहात पोहोचलेली मी पाहिली आहेत. तारीखच लिहावी, हे उत्तम.

‘डू द नीडफुल’ हे आपण बनवलेले नाही. ते जुने ब्रिटिश कचेरी-इंग्रजी आहे, जे तिकडे मागे पडले आणि इकडे टिकले. ‘उचित कार्यवाही करावी’ या आपल्या सरकारी वाक्याशी त्याचे चांगले जमले. त्याचा खरा दोष जुनेपणा नसून काय करायचे हे न सांगणे हा आहे. ‘पास्ड आउट’ मात्र टाळावे. सैनिकी प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांची ‘पासिंग आउट परेड’ असते, तेवढ्यापुरते ते ठीक. एरवी त्याचा अर्थ ‘बेशुद्ध पडलो’ असा होतो. महाविद्यालयासाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.

प्रश्न : शाळेच्या सूचनाफलकावर ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज टिफिन’ असे लिहिले, तर मुलींच्या पालकांनी हरकत घेतली. ‘देअर टिफिन’ लिहावे तर विद्यार्थी एकवचनी आहे. — एक शिक्षिका, रेशीमबाग

‘देअर’ लिहावे. मराठीत ही अडचण येत नाही, कारण ‘प्रत्येकाने आपला डबा आणावा’ यातला ‘आपला’ मुलगा-मुलगी पाहत नाही. इंग्रजीकडे ‘आपला’ नाही, म्हणून तिने ‘दे’ आणि ‘देअर’ एकट्या माणसासाठी वापरायला सुरुवात केली, आणि तीही आजची नव्हे, चौदाव्या शतकापासून. वचनाची हरकत कोणी घेतली तर त्यांना आपला ‘तुम्ही’ दाखवावा. समोर एकच गृहस्थ असताना आपण ‘तुम्ही आहात’ म्हणतो, आणि इंग्रजीतले ‘यू आर’ही मुळात अनेकांसाठीच होते. फलक छोटा असेल तर ‘ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर टिफिन्स’ असे लिहून वादच मिटवता येईल.

प्रश्न : ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज झिरो माइल?’ हे वाक्य मला बरोबर वाटते. मैत्रीण म्हणते, चूक आहे. — एक विद्यार्थिनी, सीताबर्डी

मैत्रीण जिंकली. ‘व्हेअर इज झिरो माइल?’ असा थेट प्रश्न असेल तर ‘इज’ आधी येतो. त्याच्यापुढे ‘कॅन यू टेल मी’ लावले की प्रश्न विचारण्याचे काम ते शब्द करतात, आणि उरलेला भाग साध्या वाक्यासारखा सरळ होतो : ‘कॅन यू टेल मी व्हेअर झिरो माइल इज?’. मराठीत ‘झिरो माइल कुठे आहे?’ आणि ‘झिरो माइल कुठे आहे ते सांगाल का?’ या दोन्हींत ‘आहे’ जागचे हलत नाही, म्हणून इंग्रजीतला हा बदल आपल्याला जाणवत नाही. रस्त्यात पत्ता विचारताना ही चूक खपून जाते, कारण झिरो माइल दोन्ही वाक्यांनी सापडतो. पण ‘काइंडली इन्फॉर मी व्हेन इज द इंटरव्ह्यू’ असे अर्जात लिहिले की ते लगेच डोळ्यांत भरते; तिथे ‘व्हेन द इंटरव्ह्यू इज’ असेच लिहावे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह देऊ नये.